‘नो रिलिजन, नो पॉलिटिक्स’ची पाटी लावण्याआधी

चि. नवे मॉडरेटर यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉलेजच्या गेमर पोरांचा डिस्कॉर्डवरचा सर्व्हर, म्हणजे गप्पांचा अड्डा, आता तू सांभाळणार; त्याची नियमावली वाचली. बाकीचे नियम ठीक आहेत. चीट विकायचे नाहीत, कस्टम रूमचा पासवर्ड बाहेर द्यायचा नाही, रात्री एकनंतर व्हॉइसमध्ये गाणी लावायची नाहीत, सगळं रास्त. तिसऱ्या नियमापाशी अडले. ‘धर्म आणि राजकारण यावर बोलल्यास थेट बॅन. कारण विचारू नये.’ आणि खाली मला लिहिलंयस, ‘ताई, हा सगळ्यात कडक ठेवलाय, म्हणजे कटकटच नको.’

कटकट नको हे मला पटतं. नोकरी करून, घरचं आवरून रात्री मॉडरेटरगिरी मीही केली आहे. दमलेल्या माणसाला असला नियम फार गोड वाटतो. तरी तो खोड. एक तर तो पाळता येत नाही, आणि पाळायला गेलास तर भलत्याच माणसाला लागतो.

पाळता का येत नाही ते आधी बघ. तुझ्याकडची निम्मी पोरं बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळतात. हा गेम या नावाने आपल्याकडे आलाच कसा? जून २०२० मध्ये गलवानला चकमक झाली, आपले २० जवान गेले. महिनाअखेरीस टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप्स बंद झाली. २ सप्टेंबरला आणखी ११८, आणि त्यात पबजी मोबाईल. दोन दिवसांत ‘फौजी’ नावाच्या देशी गेमची घोषणा झाली आणि २६ जानेवारीचा मुहूर्त धरून तो बाजारात आला, पार्श्वभूमी अर्थातच गलवान. मग जुलै २०२१ मध्ये पबजी नवं नाव आणि हिरवं रक्त घेऊन परत आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून पुन्हा उडाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. आता एखाद्या फर्स्ट इयरच्या पोराने विचारलं, ‘मध्ये गेम बंद का होता रे?’ तर खरं उत्तर देणारा तुझा नियम तीन मोडतो आणि बॅन होतो!

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदी आणली, त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. तुमच्या स्पर्धेला प्रायोजक मिळतो की नाही हे यावर ठरणार, म्हणजे पोरं त्यावर बोलणारच. त्याच्या महिनाभर आधी आपल्याच विधिमंडळात कृषिमंत्री मोबाईलवर रमी खेळताहेत असा व्हिडिओ फिरला. त्यांनी आरोप नाकारला, पण काही दिवसांत त्यांचं खातं बदललं, आणि नवं मिळालं ते क्रीडा खातं. यावर गेमर पोरांनी विनोद करायचा नाही असं तू कोणत्या तोंडाने सांगणार? लोकसभेच्या तोंडावर, एप्रिल २०२४ मध्ये, खुद्द पंतप्रधान गेमर्सना भेटले. त्यात आपला मिथपॅट होता, मॉर्टल होता, दोघेही नावाजलेले गेमर. गप्पांत ‘नूब’, म्हणजे कच्चा खेळाडू, हा शब्द निघाला आणि पंतप्रधान त्यावर हसले. हा शब्द आपण निवडणुकीत वापरला तर लोक विचारतील की रोख कुणावर आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. राजकारणाला तुमच्या लॉबीत, मॅचआधी खेळाडू जमतात तिथे, यायचंच आहे. दारातल्या पाटीने ते अडत नाही.

धर्माचंही तेच. २०२० च्या जूनमध्ये पबजी मोबाईलमध्ये जंगलाचा एक मोड आला होता. त्यात टोटेमपुढे, म्हणजे एका कोरीव खांबापुढे, पात्र वाकून उभं राही. आखातातल्या खेळाडूंनी ही मूर्तिपूजा झाली म्हणून हरकत घेतली, कंपनीने माफी मागून ते काढलं. २००८ मध्ये सोनीने लिटलबिगप्लॅनेट हा गेम ऐन वेळी थांबवला आणि दुकानांत पोचलेल्या डिस्क परत मागवल्या, कारण आतल्या एका गाण्यात कुराणातल्या ओळी होत्या. गंमत म्हणजे ते गाणं करणारा माली देशाचा संगीतकार तुमानी दियाबाते स्वतः मुसलमान होता, आणि आमच्याकडे असं गाणं अगदी नेहमीचं आहे असं त्याचं म्हणणं पडलं. एकाच धर्मातल्या दोघांना एक गोष्ट सारखी वाटेलच असं नाही, हे मॉडरेटरने फार लवकर शिकावं. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा ‘राजी’ घे. राजी नावाच्या मुलीच्या भावाला असुरांनी पळवलंय, ती त्याला शोधायला निघते, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. देवाचं नाव न घेता त्या गेमबद्दल बोलून दाखव बघू.

तरी हा भाग सोपा होता. जड भाग पुढचा आहे आणि तो तुझ्याच मेलमध्ये आहे, तू ओघात लिहून गेलायस.

नियम अजून कच्चा असतानाच पोरांनी तो वापरायला सुरुवात केली आहे. रमजानमध्ये संध्याकाळी स्क्रिम, म्हणजे सरावाची मॅच, चालू होती. इचलकरंजीच्या एका मुलाने चॅटमध्ये लिहिलं, ‘मगरिब होतेय, रोजा सोडून येतो, पंधरा मिनिटं थांबाल का?’ कुणीतरी खाली ‘रूल थ्री’ टाकलं, त्यावर हसण्याच्या इमोजी पडल्या, आणि तू त्या मुलाला इशारा दिलास. तुझ्या नियमाच्या अक्षराला धरून बरोबरच केलंस.

आता भाद्रपद आठव. सर्व्हरच्या लोगोला मोदक लागला होता. नव्या माणसाला येणाऱ्या स्वागताच्या मेसेजमध्ये दहा दिवस ‘गणपती बाप्पा मोरया’ होतं. अनंत चतुर्दशीची स्क्रिम रद्द झाली, कारण निम्मा संघ ढोल-ताशात होता. तेव्हा ‘रूल थ्री’ कुणी टाकलं नाही, आणि टाकूही नये. मला तो मोदक आवडला होता, यंदाही लावा. पण झालं काय ते बघ. आपला सण आला तेव्हा ते ‘कल्चर’ होतं, त्याचा उपास आला तेव्हा तो ‘रिलिजन’ झाला.

राजकारणाच्या बाबतीतही हाच खेळ चालतो. १९ फेब्रुवारीला अर्ध्या सर्व्हरचे डीपी भगवे होतात, क्लॅनच्या, म्हणजे गटाच्या, नावापुढे ‘जय शिवराय’ लागतं, सगळे खूश. १४ एप्रिलला एखाद्याने सकाळी ‘जय भीम’ लिहिलं की दहा मिनिटांत उत्तर येतं, ‘भावा, इथे राजकारण नको.’ लिहिणाऱ्याने बापाच्या वयाच्या माणसाला नमस्कार करावा तितक्या सहज ते लिहिलेलं असतं. तो पुढच्या वर्षी लिहीत नाही. तो सर्व्हर सोडतो असंही नाही, खेळतो, जिंकतो, फक्त गप्प होतो. तुला वाटतं, चला, कटकट मिटली.

म्हणून म्हणते, विषयावरची बंदी कागदावर सगळ्यांना सारखी दिसते. प्रत्यक्षात ती त्यालाच लागते ज्याचं बोलणं बाकीच्यांच्या कानाला वेगळं लागतं. बहुसंख्यांचं बोलणं हवेसारखं असतं, ते कुणाला ऐकूच येत नाही.

आणि याच जागी लॉबीत काय मोठं आहे ते तुला सांगायचंय. आपल्याकडे ओळख आडनावापासून सुरू होते. ‘पूर्ण नाव काय?’ मग ‘गाव कुठलं?’ तेवढ्यात कळलं नाही तर ‘गावात कुठे राहता?’ चौथ्या प्रश्नापर्यंत समोरच्याने तुला एका खणात ठेवलेलं असतं, आणि पुढचं बोलणं त्या खणाच्या मापाने होतं. लॉबीत हे लागत नाही. तिथे माणूस म्हणजे त्याचं हँडल (गेममधलं नाव), त्याचा नेम आणि तो ऐन वेळी पळतो की थांबतो एवढंच. स्क्वॉडमधला चौथा भिडू मालेगावचा आहे की माळशिरसचा, मशिदीमागे राहतो की वाड्यात, हे कळायच्या आत त्याने तुला धुरात शिरून तीनदा उचललेलं असतं. नंतर कळलं तरी ते त्या तीन वेळांच्या नंतर कळतं. इतक्या उलट्या क्रमाने माणूस ओळखायची सोय आपल्या समाजात फार कमी ठिकाणी आहे. शाळेत नाही, कॉलेजच्या कँटीनमध्ये नाही, सोसायटीत तर नाहीच. तू ज्याची राखण करायला बसलायस ते हे आहे. शांतता ही त्यातून आपोआप मिळणारी गोष्ट आहे, आणि नाही मिळाली तरी चालेल.

या नजरेने बघितलंस की तुझा नियम तीन काय काय सोडून देतो ते दिसेल. एक जण ड्रॉप होताच, म्हणजे मैदानात उतरताच, मेला. दुसरा माइकवर म्हणतो, ‘कोट्यातनं आलास का रे?’ सगळे हसतात. यात धर्म नाही, पक्ष नाही, नियम तीन गप्प. कुणाचं हँडल उर्दू वळणाचं दिसलं की ‘पाकिस्तानी आहे, याला लूट देऊ नका.’ गंमत चाललीय म्हणून नियम तीन गप्प. एखादी मुलगी माइक ऑन करते आणि ‘ए, मुलगी आहे!’पासून ‘ताई, गॅसवर काही ठेवलं नाही ना?’पर्यंत सगळं होऊन जातं. मला हे माझ्या वयात ऐकावं लागतं, आणि मी त्या पोरांना वयाने आईसारखी. तुझ्या वर्गातल्या मुली माइक बंद ठेवून पिंगवर, नुसत्या खुणांवर, खेळतात ते लाजून नव्हे. विचार त्यांना.

म्हणजे ज्याने कुणाचं काही बिघडत नाही त्याला तू पकडतोयस, आणि जे रोज माणसं हाकलतंय ते तुझ्या नियमात नाहीच.

माझं म्हणणं, नियम असा लिही: मतावर बोला, बातमीवर बोला, सरकारवर बोला; समोरच्याची जात, धर्म, आडनाव, गाव, पक्ष किंवा तो बाई आहे की पुरुष हे खोदू नका आणि त्यावरून टोमणा मारू नका. मारला तर पहिल्यांदा टाइमआउट (थोडा वेळ बोलायला बंदी), परत केलं तर बाहेर. मॅच चालू असताना व्हॉइसमध्ये फक्त मॅच. एवढंच. ‘कारण विचारू नये’ हे तर आधी काढ. कारण विचारू द्यायचं आणि दोन ओळींत द्यायचं. ज्याला कारण देता येत नाही असा बॅन बहुतेक वेळा आपल्या रागातून आलेला असतो.

‘मॅचमध्ये फक्त मॅच’ का, त्याचा एक नमुना. पन्नास खोक्यांची घोषणा नुकतीच गाजत होती तेव्हाची गोष्ट. पबजीच्या एरँगल नकाशावर एअरड्रॉप, म्हणजे विमानातून शस्त्रांची पेटी, पडला. आमच्या स्क्वॉडमधला ठाण्याचा मुलगा क्रेट उघडता उघडता म्हणाला, ‘पन्नास खोके!’ दोघांनी पुढचं पुरं केलं. चौथ्याचं घर दुसऱ्या शिवसेनेचं. तो म्हणाला, ‘गद्दार कोण ते आधी ठरवा.’ झालं. चिन्ह कुणाचं, बाळासाहेबांचा खरा वारस कोण, तुमचा आमदार सुरतेला गेला तेव्हा झोपला होतात का, उचलली जीभ लावली टाळ्याला. क्रेटमधली एडब्ल्यूएम बंदूक क्रेटमध्येच. टेकडीवरून एक स्क्वॉड आलं आणि चौघांना क्रेटभोवतीच आडवं करून गेलं. मी प्रेक्षक म्हणून बघत होते, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

त्यांना मी काही सुनावलं नाही. घोषणा गमतीदार होती, वादही खोटा नव्हता, फक्त जागा चुकली होती. मॅचनंतर चौघांना ‘कट्टा’ नावाच्या वेगळ्या चॅनलवर पाठवलं. तुझ्याकडे तसा चॅनल नाही, तो काढ. त्याला वेगळा रोल, म्हणजे वेगळी परवानगी, ठेव, ज्याला हवा त्याने मागून घ्यायचा, म्हणजे ज्याला फक्त खेळायचंय त्याला ते दिसणारच नाही. आणि तिथे स्लो मोड लाव. एका मेसेजनंतर दुसरा टाकायला पाच मिनिटं थांबावं लागलं की अर्धी भांडणं जागीच विरतात. माणूस तेवढ्यात पाणी पितो, आई हाक मारते, रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य आपलं आपल्यालाच बावळट दिसायला लागतं. डिस्कॉर्डवर ही मर्यादा सहा तासांपर्यंत नेता येते, पण सहा तास लावू नकोस, तो मग कट्टा राहत नाही, टपाल खातं होतं.

व्हॉइसपेक्षा लिहिलेल्या शब्दाला जास्त जप. आवाजात खोडी कळते, अक्षरात नाही. २००५ मध्ये नेथन पो नावाच्या माणसाने एका ख्रिस्ती चर्चेच्या ठिकाणी, उत्क्रांतीवरच्या वादात, हेच लिहिलं होतं: डोळा मारल्याची खूण नसेल तर कट्टर माणसाची नक्कल कुणाला ना कुणाला खरीच वाटणार. लोकांनी त्याला पुढे ‘पोचा नियम’ करून टाकलं. आपल्या पुणेरी उपरोधाची तर इंटरनेटवर पार वाट लागते. ‘वा, काय थोर विचार आहेत आपले’ हे नागपूरच्या पोराला खरंच कौतुक वाटलेलं मी पाहिलंय, तो थँक यू म्हणाला होता. ही झाली गंमत. धर्माबाबतची उपरोधाची एक ओळ, आगापिछा कापून, दुसऱ्या ग्रुपवर गेली की गंमत उरत नाही.

तेव्हा आता स्क्रीनशॉटबद्दल. या भागात मी जरा रुक्ष होणार आहे, सहन कर.

२ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला एका तरुण इंजिनीअरला जमावाने मारलं. शिवाजी महाराज आणि बाळासाहेबांची विद्रूप केलेली चित्रं फेसबुकवर फिरत होती, शहर पेटलं होतं. तो नमाज पढून परतत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना गावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस ठेवायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे.

आणि पालघर. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद. एका मुलीने त्या बंदवर फेसबुकवर चार साध्या ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं, त्या खटल्याची सुरुवात या पालघरच्या प्रकरणापासून झाली होती. म्हणून ‘ऑनलाइन काही बोललं की आता काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. ६६अ गेलं, पण भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ आहेत: गटागटांत वैर वाढवणं, आणि जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुझ्यापुरता दिलासा एवढाच की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, सदस्याने टाकलेल्या मेसेजला ग्रुपचा ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून हेतू असल्याचं दिसायला हवं. निकाल व्हॉट्सॲपबद्दल होता. त्यावर विसंबून हातावर हात ठेवून बसू नकोस.

मग अशा रात्री करायचं काय? पहलगामनंतर, २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये, काय परिस्थिती होती तू पाहिलंयस. व्हॅलोरंट या गेमच्या मुंबई सर्व्हरवर शेजारच्या देशांतली पोरंही येतात, आणि ती त्या दिवसांतही येत होती. आमच्याकडे आम्ही कट्टा बंद केला नाही, स्लो मोड वाढवला, आणि वर एक ओळ टांगली की व्हिडिओ टाकायचा तर कुठून आला आणि कधीचा ते लिहा, नाहीतर काढला जाईल. निम्मे व्हिडिओ तिथेच गळाले. युद्धाच्या गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरत होती, आणि ती ओळखायला आमच्या पोरांइतकं तयार कुणी नव्हतं. एका पोराने कुठल्याशा काकांच्या फॉरवर्डमधलं ‘विमान पाडलं’ बघून लगेच सांगितलं, ‘हे आर्मा थ्री आहे, मी खेळलोय.’ आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गेमिंगचं घरात कौतुक झालं असणार.

भडका उडेल असा मेसेज आला तर आधी तारीख-वेळेसकट जपून ठेव, मगच उडव. उलट केलंस तर उद्या कुणी ‘ध’चा ‘मा’ करून आणला की तुझ्याकडे मूळ काही नसतं. टाकणाऱ्याशी सगळ्यांसमोर वाद घालू नकोस. चारचौघांत मागे हटणं विशीतल्या पोराला जमत नाही, मला चाळिशीत जमत नाही. त्याला फोन कर. लिहू नकोस, फोन कर. ‘जेवलास का’ने सुरुवात कर, हसू नकोस, उपयोग होतो. आणि कुणाचा पत्ता, कॉलेजचं नाव, बहिणीचा फोटो असलं काही कुणी टाकलं तर मात्र फोन नाही, इशारा नाही, त्याच क्षणी बाहेर, आणि ज्याची माहिती टाकली त्याला तू स्वतः कळव. त्याला दुसऱ्याकडून कळता कामा नये.

इतकं ऐकून तू म्हणशील, मग विषयच नको हेच बरं नव्हे का? म्हणून नेपाळ सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने फेसबुक-यूट्यूबसकट २६ ॲप्स एकदम बंद केली. ८ तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी किमान १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. आणि पुढे काय, हे ठरवायला पोरं जमली डिस्कॉर्डवर. हेच ॲप, जिथे तू स्क्रिमची वेळ टाकतोस. लाखाच्या वर माणसं एका सर्व्हरवर, व्हॉइसमध्ये वाद, खाली पोल, त्यातून माजी सरन्यायाधीश सुशीला कार्कींचं नाव पुढे आलं आणि १२ सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. तिथे अफवा होत्या, टवाळखोर होते, नेपाळबाहेरचे लोक घुसून पोलमध्ये मत देत होते अशी तक्रारही होती. सर्व्हरवरच्या पोलने देश चालवावा असं माझं मुळीच मत नाही, आणि तो सगळा प्रकार बघून मला भीतीच जास्त वाटली. पण त्या गोंधळात माइक कुणाला द्यायचा आणि कुणाचा काढायचा हे कुणीतरी तुझ्यासारखी मॉडरेटर पोरं ठरवत होती. ज्यांना आधी कधी साध्या वादाचीही सवय नाही त्यांच्या हातात असली रात्र आली तर काय होईल याचा विचार कर. कट्ट्यावर खोक्यांवरून भांडणं ही त्याची फार स्वस्तातली तालीम आहे.

तुझ्या स्वतःच्या मतांबद्दल दोन शब्द. तुझा कल कुठे आहे मला ठाऊक आहे, माझा कुठे आहे तुला ठाऊक आहे, आपलं जमतं. पण सर्व्हरवर बॅनचं बटण तुझ्या हातात आहे. म्हणून जोडीला दुसरा मॉडरेटर असा घे ज्याचं तुझ्याशी पटत नाही. ‘भक्त’ म्हटलेलं तुला टोचलं तर ‘चमचा’ म्हटलेलं त्याला टोचेल. दोघांनाही टोचलं तेव्हाच ते काढायचं असं नव्हे, एकाला टोचलं तरी दुसऱ्याने थांबून बघायचं. आणि ज्या वादात तू स्वतः उतरलायस त्यात टाइमआउट द्यायचा अधिकार तुझा नाही, त्याचा. आम्ही हे लिहून ठेवलं होतं, त्यामुळे निभावलं.

राहिली ती त्या पुढारी दादांची तुमच्या स्पर्धेसाठीची ऑफर. फायनलची बक्षिसाची रक्कम ते देतात, बदल्यात चषकाला नाव आणि बॅनरवर हसरा फोटो. महापालिकेचं वारं आलं की क्रिकेटला असे दादा मिळतात, आता तुमच्या गेमलाही मिळायला लागले, याचा एका अर्थी अभिमान बाळग. माझं मत: प्रत्यक्ष हॉलमध्ये फ्लेक्स लावायचा तर लावू द्या, गणेश मंडळंही तेच करतात. सर्व्हरवर मात्र नाव नको, फोटो नको, आणि कुठल्याही चॅनलवर त्यांच्या माणसाला रोल नको. पैसे मुलांच्या खात्यावर घेऊ नका, कॉलेजच्या जिमखान्याच्या नावाने पावती फाडून घ्या. आणि रक्कम जाहीर करण्याआधी त्यामागे कुठलं बेटिंगचं ॲप नाही ना ते बघ. नव्या कायद्याने असल्या ॲपची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे, आणि बॅनर तुझ्या सहीने लागणार आहे.

तिसरा नियम नव्याने लिहून पाठव, मी बघते. त्याआधी इचलकरंजीच्या त्या मुलावरचा इशारा काढ आणि तो काढल्याचं ज्या चॅनलवर दिला होतास तिथेच लिही. पुढच्या रमजानच्या स्क्रिमचं वेळापत्रक करायला त्यालाच बसव, वेळा त्याला तुझ्यापेक्षा नीट माहीत असतात. फोन करायचा तर रविवारी दुपारी चारनंतर कर, आधी मी झोपलेली असते.

तुझी,
ताई